वहीतल्या 58 गाड्या: चोपड्याकडच्या एका पोरीच्या कव्हर लेटरचं पूर्ण प्रकरण

माझ्या बहिणीचं सासर चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात. तिची मोठी मुलगी म्हणजे माझी भाची बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेली, आणि मागच्या एप्रिलपर्यंत तिने 19 ठिकाणी अर्ज टाकले होते. एकाही ठिकाणाहून फोन नाही, मेल नाही, "जागा भरली" एवढंसुद्धा कुणी कळवलं नाही. मी जळगाव एमआयडीसीत एका कारखान्यात 14 वर्षं भरतीचं काम बघतोय, म्हणजे रोज लोकांचे अर्ज वाचणं हेच माझं काम, आणि माझ्याच घरातल्या पोरीचा अर्ज मी कधी वाचला नव्हता याचं मला खरंच वाईट वाटलं. तिने दाखवला नाही आणि मी मागितला नाही, एवढीच गोष्ट.

एका रविवारी गेलो. बाहेर 44 डिग्री, दुपारभर कुणी घराबाहेर पडत नव्हतं, संध्याकाळी ओसरीवर खाट टाकली आणि म्हटलं आण तुझा मोबाईल, काय पाठवतेस ते बघू दे.

पहिलं जे पत्र उघडलं ते इंग्रजीत होतं, आणि त्याची पहिली ओळ मी त्या आठवड्यातच किमान तीन अर्जांत वाचली होती, की आपल्या नामांकित संस्थेतल्या या पदासाठी मला तीव्र स्वारस्य आहे वगैरे. दुसऱ्या ओळीत विद्यापीठाचं नाव. आता आपल्या विद्यापीठाचं नाव 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालंय, नाव चांगलंच आहे, पण पत्रात ते पूर्ण लिहिलं की आख्खी ओळ तिथेच खर्च होते (तिचे वडील अजून "उमवि"च म्हणतात). मग ती मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीममध्ये काम करू शकते, लवकर शिकते, दबावाखाली काम करू शकते. मग "फार्मा क्षेत्रातल्या आपल्या योगदानाने मी प्रभावित आहे". आणि हे पत्र गेलं होतं एका डाळ मिलला.

मी तिला ते दाखवलं तर तिचा चेहरा पडला. मी रागावलो नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच, कारण हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. आपल्याकडे शाळेत पत्रलेखन म्हणून जे शिकवतात ते आठवा, प्रति, माननीय, विषय, आणि मग "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की". तो अर्ज मागण्याचा असतो. दाखला द्या, रजा द्या, फी माफ करा. त्यात खाली वाकून मागायचं असतं आणि समोरच्याने मोठ्या मनाने द्यायचं असतं. पोरं तोच अर्ज इंटरनेटवरच्या इंग्रजीत घालतात आणि त्याला कव्हर लेटर म्हणतात. हल्ली चॅटजीपीटीवरून काढतात, ते व्याकरणाने स्वच्छ असतं पण सगळ्यांचं सारखंच असतं, कारण सगळे त्याला सारखंच विचारतात.

तिच्याकडे त्या दिवशी एक नवीन जाहिरात होती. केळी एक्स्पोर्ट करणारी एक कंपनी, रावेरकडे त्यांचं पॅकहाऊस, पद क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, फ्रेशर चालेल. तीच जाहिरात मी तिला मोठ्याने वाचायला लावली, एक एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला थांबून विचारलं की हे त्यांनी का लिहिलं असेल.

रोजचा रिजेक्शन रेकॉर्ड ठेवणं, असं लिहिलेलं होतं. का? कारण घड शेतातून आला, फण्या काढल्या, पाण्यातून धुतल्या, वजन करून 13 किलोच्या बॉक्समध्ये भरल्या, या सगळ्यात जो माल बाजूला पडतो तो पैसा असतो, आणि तो का पडला हे कुणी लिहिलं नाही तर उद्याही तेवढाच पडतो. शेतकऱ्यांशी संवाद, असं होतं. का? कारण बाद मालावरून शेडवर रोज भांडण होतं, आणि ज्याला शेतकऱ्याशी बोलता येत नाही तो तिथे आठ दिवस टिकत नाही. एक्सेल. रात्रीच्या शिफ्टची तयारी, कारण रीफर म्हणजे थंड कंटेनर लोडिंगला कधी लागेल याचा नेम नाही, माल थंड करून भरायचा असतो, आलेली गाडी सकाळपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

म्हणजे जाहिरात ही त्यांच्या अडचणींची यादी असते. हे मी कारखान्यात बसून शिकलोय, आम्ही जाहिरात लिहितो तेव्हा आधीच्या माणसाने काय करून ठेवलं तेच डोक्यात असतं. "वेळेवर हजर राहणारा" असं छापलं असेल तर समजायचं की आधीचा वेळेवर येत नव्हता.

मग मी विचारलं, यातलं तुला काय येतं?

ती म्हणाली, "मामा, मनाजोडे लिखाले शे काय?"

हे वाक्य मी फार ऐकलंय. जळगावच्या हॉस्टेलवरची पोरं, अमळनेर-पारोळ्याकडून येणारी पोरं, सगळी हेच म्हणतात, की माझ्याकडे लिहायला आहेच काय, अनुभव तर नाही. म्हणून मी तिला अनुभव विचारलाच नाही. विचारलं की मागचं वर्ष सकाळी उठल्यापासून काय करत होतीस ते सांग. तेव्हा ती थोडी गप्प झाली, कारण मागचं वर्ष तिला लपवायचं होतं. सीव्हीमध्ये पदवी संपली ते साल होतं आणि त्यानंतर काहीच नाही. त्या वर्षी दाजींच्या पाठीचं ऑपरेशन झालं, सहा महिने त्यांना उठता-वाकता येत नव्हतं, धाकटा भाऊ बारावीला, मग तीन एकर केळीचं सगळं हिच्या अंगावर आलं. ड्रीपचं खत सोडणं, मजुरांचा हिशोब, व्यापाऱ्याला फोन. आणि माल काढायला लागल्यावर गावच्या पॅकिंग शेडवर ही बसायची, कारण आधी एका गाडीचा हिशोब चुकला होता आणि दाजींना तिथे कुणीतरी आपलं माणूस हवं होतं. शेडच्या मुकादमाने बघितलं की पोरगी नीट लिहिते, मग तो म्हणाला बाकीच्या गाड्यांचंही लिहीत जा, दिवसाची मजुरी देतो.

मी विचारलं, काय लिहायचीस?

ती आत गेली आणि दोन शंभर पानी वह्या घेऊन आली. एकीचं कव्हर चिकाने काळं पडलेलं. केळीचा चीक कपड्यावर पडला तर निघत नाही हे आपल्याकडे लहान पोरालाही माहिती, तो वहीवर पण तसाच बसतो. आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाडी, घड किती, बॉक्स किती झाले, फण्या बाद किती, आणि शेवटचा रकाना "कशामुळे". त्यात बारीक अक्षरात: घासले. बारीक माल. पिकलं. जुळी. चीक. उन्हाचा डाग. असं पानामागून पान, मे ते जुलै, 58 गाड्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येणार नाही. 19 अर्जांत या वहीचा एक शब्द नव्हता. जे वर्ष लपवायचं म्हणून ती धडपडत होती त्याच वर्षात हे सगळं होतं. तिचं म्हणणं होतं की ते काय काम आहे का मामा, ते तर घरचंच. कागदावर ज्याचं सर्टिफिकेट नाही ते काम नाही असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि त्यात मुलींच्या जास्त, कारण त्यांनी केलेलं सगळंच घरचं धरतात.

त्या रात्री लाईट गेली होती, तरी बॅटरीच्या उजेडात आम्ही मोजत बसलो. मी वाचायचो, ती रेघा मारायची. 58 पैकी 21 गाड्यांत बाद होण्याचं मोठं कारण "घासले" होतं. मग ती म्हणाली थांबा मामा, यात अजून एक आहे, आणि तिने वहीच्या कडेला केलेल्या बारीक खुणा दाखवल्या. ज्या ट्रॉलीत खाली फोम किंवा केळीची पानं अंथरलेली नव्हती तिथे तिने फुली मारलेली. 21 पैकी 17 गाड्यांना फुली. हे तिने कुणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं. तिला वाटलं म्हणून केलं होतं. आणि मुकादमाला दाखवलंही होतं, तर त्याने पुढच्या शेतकऱ्यांना फोनवरच सांगायला सुरुवात केली की खाली काहीतरी टाकून आणा.

पत्र आम्ही आधी मराठीत लिहायचं ठरवलं, जरी पाठवायचं इंग्रजीत होतं तरी. यावर माझं मत ठाम आहे. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की पोरं जेवढं इंग्रजी येतं तेवढंच बोलतात, आणि येतं ते पाठ केलेलं असतं. मराठीत आधी खरं काय ते लिहून काढलं की मग साध्या इंग्रजीत नेता येतं, छोटी वाक्यं करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला मसुदा दिला तो दीड पान होता. सुरुवातीला जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे, 2016 साली जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं, केळीत अमुक पोषणमूल्यं असतात. सगळं खरं आहे. पण वाचणारी व्यक्ती रावेरमध्ये पॅकहाऊस चालवते, तिला हे आपण कशाला सांगायचं? तो परिच्छेद सगळा काढला. मग घरची परिस्थिती होती, वडिलांचं ऑपरेशन, कर्ज, नोकरीची गरज. ते वाचताना माझ्या पोटात कालवलं, माझ्याच बहिणीचं घर आहे ते, पण तेही काढायला सांगितलं, ऑपरेशनचं एक वाक्य सोडून. कारण गरज प्रत्येकालाच असते. मी स्वतः अर्ज वाचताना गरजेचं वाचून हळहळतो, पण जागा त्या हळहळीवर भरता येत नाही, ते माझ्या हातातच नसतं.

आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी उत्साहाच्या भरात एक वाक्य घातलं की "माझ्या देखरेखीमुळे शेडवरचं रिजेक्शन निम्म्यावर आलं". ते वाक्य पत्रात दिसायला फार छान दिसत होतं. ती म्हणाली, "मामा, निम्म्यावर आलं की नाही ते मी मोजलंच नाही. आणि फोम टाकायला मुकादमाने सांगितलं, मी फक्त दाखवलं." मी म्हटलं अगं एवढं चालतं, सगळे लिहितात. ती म्हणाली त्यांनी विचारलं तर मी काय सांगू? आणि ती बरोबर होती. 14 वर्षं मी मुलाखतीत समोरच्याच्या पत्रातलं असंच एक फुगवलेलं वाक्य शोधून त्यावरच बोट ठेवत आलोय, आणि आपल्या माणसाची वेळ आली तर तेच वाक्य मी घालत होतो. काढलं. त्या जागी जे झालं तेवढंच लिहिलं. नंतर कळलं की वाचणाऱ्यावर सगळ्यात जास्त परिणाम त्या जागेचाच झाला.

"प्रति" मध्ये काय लिहायचं यावरही थोडं अडलं. ती "रिस्पेक्टेड सर" लिहून मोकळी झाली होती. मी म्हटलं फोन कर ऑफिसला, विचार की पॅकहाऊसचं कोण बघतं, अर्ज कुणाच्या नावाने पाठवू. तिला भीती वाटत होती, की असं विचारलं तर काय म्हणतील. काहीच म्हणाले नाहीत, उलट लगेच नाव सांगितलं, आणि ते एका मॅडमचं निघालं. एक फोन केला नसता तर पत्राचा पहिला शब्दच चुकला असता.

शेवटी जे पत्र तयार झालं ते मराठीतलं इथे देतोय, नावं काढून. इंग्रजीतलं याच्याच ओळीला ओळ होतं.

"आदरणीय मॅडम,

मागच्या वर्षी मे ते जुलै मी आमच्या गावच्या पॅकिंग शेडवर केळीच्या बाद मालाची नोंद ठेवत होते. 58 गाड्या मी स्वतः बघितल्या आणि प्रत्येक गाडीत किती फण्या बाद झाल्या व कशामुळे, हे लिहून ठेवलं. तुमच्या जाहिरातीत रोजच्या रिजेक्शन रेकॉर्डचं जे काम आहे ते मी लहान प्रमाणावर केलेलं आहे, म्हणून क्वालिटी एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे.

या 58 पैकी 21 गाड्यांमध्ये माल बाद होण्याचं मोठं कारण घासल्याचे डाग हे होतं. त्यातल्या 17 गाड्यांत ट्रॉलीत फोम किंवा पानं अंथरलेली नव्हती. हे मी शेडच्या मुकादमांना दाखवलं आणि त्यांनी शेतकऱ्यांना तसं सांगायला सुरुवात केली. माल का बाद झाला हे शेतकऱ्याला समजावण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे यायचं. मी केळी लावणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे त्यांची बाजूही मला कळते.

मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं आहे. पदवीनंतरचं वर्ष वडिलांच्या ऑपरेशनमुळे घरच्या शेतीची जबाबदारी माझ्याकडे होती, शेडवरचं काम त्याच वर्षातलं. एक्सेलमध्ये नोंदी भरणं, बेरीज, सरासरी आणि फिल्टर एवढं येतं. पिव्हॉट टेबल शिकत आहे.

सावद्याला माझी आत्या राहते. निवड झाल्यास मी तिच्याकडे राहीन, त्यामुळे रात्रीच्या लोडिंगला थांबण्याची अडचण नाही. 1 जूनपासून रुजू होऊ शकते. नोंदीच्या दोन्ही वह्या भेटीच्या वेळी घेऊन येईन."

बस एवढंच. पाऊण पान. मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकते, यातला एक शब्द नाही, पण वाचणाऱ्याला तिन्ही कळतात.

आत्याचं वाक्य घालायला बहिणीचा विरोध होता. ती म्हणाली घरचं पत्रात कशाला. पण चोपड्याची पोरगी रावेरच्या नोकरीला अर्ज करते तेव्हा समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की ही येणार-जाणार कशी. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर सगळं एका ओळीत आहे खरं, पण रोज एसटीने करायचं अंतर नाही ते, आणि रात्रीचं तर नाहीच. हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, मनातल्या मनात अर्ज बाजूला ठेवतात. मी बघितलंय ते होताना, बाजूच्या टेबलावर बघितलंय. म्हणून विचारण्याच्या आधीच उत्तर देऊन टाकायचं, आणि तेही रडगाणं न गाता, एका वाक्यात. एक्सेलचंही तसंच. "एमएस ऑफिसचं उत्तम ज्ञान" असं सगळे लिहितात, त्याला काही किंमत राहिलेली नाही, काय येतं आणि काय नाही ते लिहिलं की जे येतं म्हटलंय त्यावर विश्वास बसतो.

पगाराचा उल्लेख केला नाही कारण जाहिरातीत विचारला नव्हता. विचारला असता तर लिहिला असता.

पाठवतानाच्या एक-दोन गोष्टी, त्या बारीक वाटतात पण तिथेच पुष्कळ अर्ज मरतात. पत्र तिने वेगळ्या फाईलमध्ये जोडलं होतं आणि मेलमध्ये फक्त "प्लीज फाईंड अटॅच्ड" एवढंच. मी सांगितलं पत्र मेलमध्येच टाक, सीव्ही तेवढा पीडीएफ करून जोड. आमच्यासारखे लोक अर्ध्या वेळा मोबाईलवर, शॉप फ्लोअरवर उभ्या उभ्या मेल बघतात, फाईल उघडत बसत नाहीत. मोबाईलच्या वरच्या पट्टीत विषय आणि पहिले दोन-चार शब्दच दिसतात, तिथे "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम" दिसण्यापेक्षा "मागच्या वर्षी मे ते जुलै" दिसलेलं बरं. विषयात पदाचं नाव, ठिकाण आणि तिचं नाव. सीव्हीच्या फाईलचं नाव "फायनल 2 न्यू" असं काहीतरी होतं, ते बदलून तिचं नाव आणि पद केलं. मेल आयडी शाळेत असताना काढलेला, त्यात "एंजल" होतं, तो बदलला. मग बहिणीला पूर्ण पत्र वाचून दाखवलं, ती आठवी शिकलेली आहे, तिला जिथे अडलं तिथे वाक्य सोपं केलं.

सहाव्या दिवशी फोन आला. वह्या घेऊन या, एवढंच मॅडम म्हणाल्या.

मुलाखत पॅकहाऊसवरच झाली, ऑफिसात नाही, पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून. हे सगळं तिने मला रात्री फोनवर सांगितलं. मॅडमनी आधी वही मागितली आणि मधलंच कुठलंतरी पान काढून विचारलं ही गाडी सांग. तिने सांगितली, शेतकरी आठवत होता, त्या दिवशी पाऊस आला होता तेही आठवत होतं. मग विचारलं तुझ्या सांगण्यामुळे रिजेक्शन किती कमी झालं? तिने सांगितलं ते मी मोजलं नाही मॅडम, पुढच्या महिन्यात माल संपला आणि मी थांबले, मोजायला हवं होतं. माझं ते निम्म्यावर आणलेलं वाक्य पत्रात असतं तर इथेच संपलं असतं.

नंतर विचारलं केळी कोल्ड रूममध्ये किती डिग्रीला ठेवतात. ती म्हणाली 13 ते 14. मॅडम म्हणाल्या 8 ला ठेवली तर अजून टिकेल ना? हा प्रश्न मुद्दाम होता. तिने सांगितलं नाही टिकणार, केळीला थंडी बाधते, साल आतून काळपट पडते आणि मग रायपनिंग चेंबरमध्ये नीट पिवळी होत नाही. हे पत्रात कुठेच नव्हतं आणि नसायलाच हवं होतं. पत्र वाचून समोरच्याला वाटलं पाहिजे की हिला बोलावून विचारावं, तेवढं काम पत्राने केलं. पिव्हॉटबद्दलही विचारलं, तिने सांगितलं अजून शिकतेय, तर तिथल्या एका मुलाला सांगून दहा मिनिटं बसवलं आणि ती कशी शिकते ते बघितलं.

तीन महिने ट्रायलवर घेतलं. पहिल्या महिन्यात दोनदा ती मला रात्री फोन करून रडली, कामाची वेळ लांबते म्हणून, हेही सांगायला पाहिजे, पत्र चांगलं होतं म्हणून नोकरी सोपी होत नाही. पण टिकली. ट्रायल संपली, कायम झाली, आता तिथल्या छापील रिजेक्शन फॉर्मवर ट्रॉलीत काही अंथरलेलं होतं का याचा एक रकाना आहे.

प्रकरण इथे संपलं असतं, पण दिवाळीनंतर मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून एक मेल दाखवला. नवीन जागेसाठी आलेला अर्ज. "मागच्या वर्षी मे ते जुलै मी आमच्या गावच्या पॅकिंग शेडवर", 58 गाड्या, 21, 17, सगळं तेच, आत्यासुद्धा सावद्यालाच. फक्त नाव एका मुलाचं, आमच्याच गावचं. बहिणीने कौतुकाने ते पत्र कुणालातरी पाठवलं होतं, तिथून ते गावच्या ग्रुपवर गेलं. भाचीला फार अपमान वाटला. मॅडम तिला काही बोलल्या नाहीत, त्यांना कुणाचं आधी आलं ते माहीतच होतं, पण त्या मुलाचा अर्ज अर्थातच बाद झाला.

बहिणीच्या गावात मी सगळ्यांचाच मामा. त्या मुलाला निरोप दिला की रविवारी ये. आला, मान खाली घालून बसला, म्हणाला मामा चुकलं. मी म्हटलं ते राहू दे, तुझ्या नावाने दुसऱ्याच्या गाड्या तू कशाला मोजतोस, मागचं वर्ष तू काय करत होतास ते सांग. आयटीआय वायरमन झालेला पोरगा. म्हणाला काहीच नाही, घरीच होतो. मी म्हटलं रात्री काय करत होतास? तर म्हणाला रात्री मोटरी चालू करायला जायचो, थ्री फेज बऱ्याचदा रात्रीचीच यायची ना, आमची आणि शेजारच्यांची मिळून अकरा मोटरी.

आणि स्टार्टर बिघडला तर?

म्हणाला, "मीच करायचो. ओव्हरलोड रिले जातो बहुतेक वेळा, नाहीतर कॉन्टॅक्ट जळालेले असतात, एका रात्री तर चार केले."

मी भाचीला हाक मारली आणि म्हटलं एक कोरी वही आण.